दिंडीदरवाजा

देवगिरीच्या महाकोटाचा दरवाजा ज्यांनी सावकाश पाहिला असेल, हत्तीची धडक परतविण्यासाठी अशा दरवाजांच्या फळ्यांवर बसविलेले अणकुचीदार लोखंडी खिळे ज्यांनी हाताने चाचपले असतील, त्यांना हे सहज पटेल की, एवढे अवजड कवाड येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकासाठी उघडण्याचा उद्योग कोणत्याही राज्यात कोणी केला नसेल. म्हणून जुन्या कोटांच्या मोठ्या दरवाजातच एक लहानसे दार ठेवलेले असे, आणि तिन्हीसांजेनंतर पोचलेला जासूद, पहाटेचा गवळी किंवा अवेळी बोलावलेला वैद्य मान तुकवून त्या दारातून एकेक करून आत येई. या लहान दाराला आपल्याकडे दिंडी म्हणतात. दिंडीतून आत आले की देवडी लागे, देवडीवर दरवान असे, दरवानापाशी कोणाला सोडावयाचे याची याद असे, आणि त्याची खात्री पटली म्हणजेच अडसर निघून हत्ती, पालख्या आणि बाजारबुणगे यांना वाट मिळे.

मी ज्या शहरात राहतो त्याला बावन्न दरवाजांचे शहर म्हणण्याचा प्रघात आहे. मलिक अंबराने १६१० साली खडकी या खेड्याच्या जागी हे नगर वसविले, १६१२ मध्ये मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून भडकल दरवाजा उभा केला, आणि औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास भोवती तट घातला तेव्हा दिल्ली, जालना, पैठण आणि मक्का अशा चार दिशांना चार मुख्य दारे झाली. आज तट बराचसा नाहीसा झाला आहे, दरवाजे मात्र पुष्कळ उरले आहेत, आणि त्यांच्या कमानीखाली समोरासमोर आलेल्या दोन रिक्षांपैकी मागे कोणी सरावे हा वाद आम्ही रोज ऐकतो. अशा गावात आयुष्य गेल्यामुळे असेल, परंतु संगणक सुरू होताना त्याच्या पोटात जे घडते त्याचा इतिहास धुंडाळताना मला पावलोपावली दिंडी, देवडी आणि दरवान हेच आठवत राहिले. या धुंडाळण्याला निमित्त झाला माझा एक जुना लॅपटॉप, ज्यात विंडोज, उबुंटू आणि डेबियन अशी तीन राज्ये एकाच तबकडीवर नांदत होती आणि जो एका सकाळी अकस्मात तिघांनाही ओळखेनासा झाला. त्याची हकिकत यथावकाश येईल.

संगणक सुरू करणे ही क्रिया तर्कदृष्ट्या मोठी अवघड आहे, आणि ती अवघड आहे हे आपल्या ध्यानातच येत नाही, कारण आपण केवळ एक बटण दाबतो. यंत्राला काय करावयाचे ते सांगणारा प्रोग्राम तबकडीवर असतो. तो तबकडीवरून उचलून स्मृतीत आणण्यासाठीही एक प्रोग्रामच लागतो. मग हा दुसरा प्रोग्राम आणावा कोणी? कितीही कसलेला नट असला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही, असा दृष्टान्त आपल्या शास्त्रकारांनी दिलेला आहे. इंग्रजांनी तोच विचार स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःला उचलणाऱ्या माणसाच्या रूपाने मांडला, आणि त्या बुटावरूनच ‘बूट होणे’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. आमच्याकडचा दुकानदार ‘बूट होत नाहीये’ असे म्हणतो तेव्हा आपण एका तार्किक विरोधाभासाचा उच्चार करीत आहोत याची त्याला कल्पना नसते, आणि असण्याचे कारणही नाही.

या विरोधाभासातून पहिल्या पिढ्यांनी मार्ग काढला तो माणसाच्या हातांनी. १९५२ च्या आयबीएम ७०१ या यंत्राला ‘लोड’ नावाचे बटण होते. ते दाबले की छिद्रे पाडलेल्या पत्त्यावरचा किंवा फितीवरचा पहिला मजकूर स्मृतीत येई आणि तोच पुढचा मजकूर ओढून घेई. १९६५ मध्ये आलेल्या पीडीपी-८ सारख्या लहान यंत्रांवर तर समोरच्या फळीवरील खटके वरखाली करून डझनदीड डझन आज्ञा एकेक करून हाताने भराव्या लागत, आणि मगच ते यंत्र कागदी फीत वाचण्याइतके शहाणे होई. त्या काळच्या यंत्रचालकांना हे खटक्यांचे क्रम पुरोहिताला संध्या पाठ असावी तसे पाठ असत. पुढे हाच मजकूर कायमचा कोरलेल्या चिपेत घालण्यात आला, आणि मनुष्याच्या बोटांची जागा एका मुक्या, न पुसणाऱ्या स्मृतीने घेतली. वैयक्तिक संगणकाच्या जगात तिला बायोस म्हणतात.

आयबीएमचा वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये आला तेव्हा त्याला हार्ड डिस्क नव्हती; मार्च १९८३ मध्ये १० मेगाबाइटची डिस्क घेऊन एक्सटी हे यंत्र आणि त्याबरोबर डॉसची दुसरी आवृत्ती आली, आणि एका तबकडीचे एकाहून अधिक भाग करून त्यांत वेगवेगळ्या प्रणाली ठेवण्याची सोय प्रथमच झाली. आमच्या विषयाचा खरा पाया इथे घातला गेला. या व्यवस्थेत डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरला देवडीचा मान मिळाला. हा सेक्टर ५१२ बाइटांचा, म्हणजे मराठीत लिहावयाचे तर पोस्टकार्डावरच्या चारपाच ओळींएवढा. त्यातील पहिले ४४६ बाइट दरवानाच्या बुद्धीसाठी. पुढचे ६४ बाइट चार सरहद्दींच्या नोंदीसाठी, प्रत्येक नोंद १६ बाइटांची. आणि अखेरचे दोन बाइट शिक्कामोर्तबासाठी. हा शिक्का मोठा देखणा आहे: सोळा अंकांच्या पद्धतीत तो ५५ आणि एए असा लिहितात, आणि शून्य-एकच्या भाषेत उलगडला की पहिल्या बाइटात ०१०१०१०१ आणि दुसऱ्यात १०१०१०१० अशी एकाआड एक वीण दिसते. बायोस हा सेक्टर उचलतो, शेवटचा शिक्का पाहतो, आणि शिक्का जुळला की आत काय लिहिले आहे याची किंचितही चौकशी न करता सारी सत्ता त्या ४४६ बाइटांच्या हाती सोपवून मोकळा होतो. शिक्का खरा म्हणजे फर्मान खरे, हा जुन्या दरबारांचा न्याय इथे जसाच्या तसा लागू होता. पहिल्या सेक्टरात दडून बसणारे विषाणू याच भोळेपणावर पोसले गेले.

चारच नोंदींची ही वही पुढे फार जाचक झाली. तिघाचौघांनी आपापला हिस्सा घेतल्यावर पाचव्याची सोय लावण्यासाठी एका हिश्शाच्या पोटात आणखी हिस्से पाडावे लागले, आणि वडिलोपार्जित शेताच्या सातबाऱ्यावर जशी पोटहिश्शांची रांग लागते तशी ती डिस्कवर लागली. तथापि आमच्या कथेतील खरे पात्र हा दरवान आहे, आणि त्याची पहिली स्मरणीय मूर्ती म्हणजे लिलो.

लिनस टोर्वाल्ड्सने लिनक्स या प्रणालीचे पहिले बीज १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवले, आणि त्यानंतर वर्षभरातच वेर्नर आल्मेसबर्गर याने त्याच्यासाठी लिलो हा बूट लोडर लिहिला. लिलोचा स्वभाव मोठा कर्मठ होता. फाइल म्हणजे काय, निर्देशिका म्हणजे काय, हे त्याला समजत नसे. तबकडीवर कोणत्या क्रमांकाच्या सेक्टरांत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पडलेला आहे याची कोरडी याद त्याच्यापाशी असे, आणि तेवढेच सेक्टर तो मोजून उचली. कर्नल बदलला आणि यादीत फेरफार करण्याची आज्ञा द्यावयास मालक विसरला, तर पुढल्या वेळी लिलो पूर्वीच्याच जागी जाऊन तिथे जे सापडेल ते प्रामाणिकपणे उचलून आणी. यजमान घर बदलून गेल्यावरही जुन्या पत्त्यावर दूध घालणाऱ्या माणसाप्रमाणे त्याच्या प्रामाणिकपणाचा काहीच उपयोग नसे.

परंतु लिलोच्या अंगी एक असा गुण होता की त्यासाठी त्याला सारे अपराध माफ करावेत. पडद्यावर आपले नाव तो एकदम लिहीत नसे. एल, आय, एल, ओ ही चार अक्षरे तो एकेक करून उमटवी, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे प्रवासातील एक मुक्काम गाठल्याची पोच असे. नुसता एल उमटून यंत्र थांबले, तर पहिला टप्पा स्मृतीत आला पण दुसरा उचलता आला नाही. एल-आय वर थांबले, तर दुसरा टप्पा आला पण चालता झाला नाही. एल-आय-एल वर थांबले, तर दुसरा टप्पा चालू लागला पण त्याला नकाशाची फाइल वाचता आली नाही. चारही अक्षरे उमटली म्हणजे लिलोपुरते सारे ठीक आणि दोष असलाच तर त्याच्या पुढचा. बिघाडाच्या क्षणी स्वतःच्या मर्यादेचा एवढा नेमका दाखला देणारे यंत्र मी दुसरे पाहिलेले नाही. माणसांविषयी तर बोलावयासच नको.

या चार अक्षरांचा अर्थ मला प्रथम कळला तेव्हा माझ्या मनापुढे उभी राहिली ती नहर-ए-अंबरी. मलिक अंबराने शहराच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून उताराउताराने गावात आणले, आणि नळाच्या मार्गावर ठिकठिकाणी आत उतरता येईल अशी तोंडे ठेविली. पुढे याच विद्येवर आणखी नहरी झाल्या, आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी अठराव्या शतकात बांधलेली पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरू लागली. आता अशा व्यवस्थेत चक्कीचे पाते थांबले असता जो मनुष्य चक्कीलाच हातोडा घालील तो मूर्ख ठरेल. शहाणा मनुष्य मागे चालू लागतो, एकेक तोंड उघडून पाणी कुठवर पोचले आहे ते पाहतो, आणि ज्या दोन तोंडांच्या मधे पाणी हरवले तेवढाच तुकडा खणतो. लिलोची चार अक्षरे ही चार तोंडे होत. पुढच्या काळातील यंत्रे जसजशी देखणी झाली तसतशी ही तोंडे झाकली गेली, पडद्यावर निर्मात्याचे बोधचिन्ह झळकू लागले, आणि पाणी कुठवर आले हे पाहण्याची सोय नाहीशी झाली. ही प्रगती झाली असे म्हणावयास माझी जीभ रेटत नाही.

लिनक्स आमच्या गावात आले ते मात्र दिंडीतूनच, म्हणजे वाकून आणि एकेक करून. विद्यापीठाच्या परिसरात केंद्र शासनाने १९८० च्या दशकात काढलेली सेडटी ही संस्था, जी पुढे डोएक आणि त्यानंतर नायलिट झाली, आणि १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्यामुळे यंत्रांशी झोंबणारी मुले येथे पूर्वीपासून होती. त्यांच्यापर्यंत लिनक्स पोचले ते पीसीक्वेस्ट या मासिकासोबत येणाऱ्या सीडींवरून. टेलिफोनच्या तारेवरून सातशे मेगाबाइट उतरवून घेणे ही त्या काळी तपश्चर्याच ठरली असती. पुढे उबुंटू या लिनक्सच्या अवताराचे प्रवर्तक मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवू लागले. एप्रिल २०११ मध्ये ही प्रथा बंद झाली, परंतु तोवर कितीएक घरांत पोस्टमनने ते पाकीट हाती देताना ‘परदेशातून काय आलंय?’ अशी पृच्छा केलेली आहे.

सीडी मिळाली तरी दिंडी अरुंदच होती. जुन्या बायोसला डिस्कची पहिली १०२४ सिलिंडरे, म्हणजे फार तर ८.४ गिगाबाइट, एवढाच प्रदेश दिसे. विंडोजने आधीच पुढची सारी जागा व्यापलेली असे, लिनक्स मागच्या बाजूला जाऊन बसे, आणि त्याचा कर्नल बायोसच्या दृष्टीपलीकडे पडे. म्हणून जाणते लोक डिस्कच्या आरंभीच काही मेगाबाइटांचा एक चिमुकला हिस्सा केवळ कर्नलसाठी राखून ठेवीत. २००० सालानंतर ही मर्यादा लिलोने ओलांडली, तरीही तो चिमुकला हिस्सा ठेवण्याची वहिवाट कितीतरी वर्षे चालू राहिली. कारण विसरलेल्या वहिवाटी मोडावयास कारण असलेल्या वहिवाटींपेक्षा अधिक कठीण असतात.

लिलोची जागा ग्रबने घेतली. एरिक बोलेन याने १९९५ मध्ये तो लिहिला, १९९९ मध्ये तो ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या छत्राखाली आला, आणि योशिनोरी ओकुजी याने २००२ नंतर नव्याने मांडणी केलेली त्याची दुसरी पिढी उबुंटूने ऑक्टोबर २००९ मध्ये स्वीकारली. ग्रबला फाइली वाचता येतात. त्याला सेक्टरांचे क्रमांक पाठ करावे लागत नाहीत, कर्नलचे नाव सांगितले की तो शोधून काढतो. परंतु एवढे शहाणपण ४४६ बाइटांत मावणार कसे? म्हणून ग्रब पहिल्या सेक्टरात केवळ एक निरोप्या ठेवतो, आणि स्वतःचा मोठा भाग पहिल्या सेक्टराच्या मागे जुन्या चालीने रिकामे राहिलेल्या ६२ सेक्टरांत बसवितो. ती जागा कोणाच्याच नावावर नव्हती, म्हणून तिथे ग्रबने झोपडी घातली. आणि ती कोणाच्याच नावावर नसल्यामुळे काही महागड्या प्रोग्रामांनीही आपल्या परवान्याच्या खुणा नेमक्या तिथेच दडवून ठेवल्या. सकाळी चांगला चाललेला लॅपटॉप संध्याकाळी पडद्यावर केवळ ग्रब एवढे लिहून गप्प बसे, आणि मालक लिनक्सला शिव्या देई. गायरानावरच्या अतिक्रमणाचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

यापेक्षा रोजचा तंटा वेगळाच होता. विंडोज नव्याने घातले की ते पहिल्या सेक्टरातील दरवानाला न विचारता हाकलून आपला दरवान बसवी, आणि हा नवा दरवान आपल्या मालकाखेरीज कोणाला ओळखतच नसे. लिनक्सचा सारा सरंजाम डिस्कवर जागच्या जागी शाबूत असे. केवळ त्याच्याकडे जाणारी वाट नाहीशी झालेली असे. ज्याने शेवटी गाव घेतले त्याने दरवाजावर आपला पहारा बसवावा ही तर जुनीच रीत. म्हणून आधी विंडोज आणि मागाहून लिनक्स असा क्रम पाळावा, हा नियम पोरांमध्ये लग्नातल्या मानपानाइतका पक्का झाला. उलट बाजूचा अपघातही तितकाच वारंवार घडे. एखादा गृहस्थ लिनक्सला कंटाळून विंडोजमध्ये बसल्या बसल्या त्याचा हिस्सा पुसून टाकी, यंत्र पुन्हा सुरू करी, आणि पहिल्या सेक्टरातील निरोप्या मालकाचा वाडा शोधत जाऊन मोकळ्या पटांगणात उभा राही. ‘असा हिस्सा नाही’ एवढे सांगून पडदा ‘ग्रब रेस्क्यू’ या दोन शब्दांपाशी खोळंबे. या दोन शब्दांनी मराठवाड्यातील किती पोरांना परीक्षेच्या आदल्या रात्री घाम फोडला असेल याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

नावांच्या बाबतीतही एक गंमत घडली. लिनक्स पूर्वी जुन्या पद्धतीच्या डिस्कला एचडीए म्हणत असे. २००७ च्या आसपास कर्नलमधील फेरफारामुळे तीच डिस्क एसडीए म्हणून ओळखली जाऊ लागली. डिस्क तीच, हिस्से तेच, दप्तरातले नाव तेवढे बदलले. पण ज्या यंत्रांत जुने नाव लिहून ठेवले होते ती उठेनाशी झाली. तेव्हापासून प्रत्येक हिश्शाला त्याच्या जन्माबरोबर मिळणारा लांबलचक, न बदलणारा क्रमांक वापरण्याची रीत पडली. खडकीचे फतेहनगर झाले, फतेहनगरचे औरंगाबाद झाले, आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. परंतु माझे पत्र मला बिनचूक मिळते ते पाकिटावरच्या ४३१००१ या आकड्यांमुळे, आणि मला वाटते पोस्ट खात्याने १९७२ मध्ये जे केले तेच लिनक्सवाल्यांना पस्तीस वर्षांनी सुचले.

मागील दोन दशकांत या तंट्यांवर आमच्याकडे जो धंदा वाढला त्याचे ब्रीदवाक्य तीन शब्दांचे आहे: ‘फॉरमॅट मारून देतो’. फॉरमॅट मारणे, विंडोज मारणे, हे प्रयोग कोणत्याही कोशात नाहीत, पण गुलमंडीपासून सिडकोपर्यंत कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. मला या ‘मारण्या’विषयी फार दिवस राग होता. पाणचक्कीचे पाते थांबले म्हणून नहर बुजवून टाकण्याचा हा प्रकार आहे असे मी म्हणत असे. तथापि न्यायाने पाहावयाचे तर त्यात दुकानदाराचा दोष थोडा. फॉरमॅट हे तासाभराचे काम असते आणि त्याचा दर ठरलेला असतो. बिघाड कुठे आहे ते शोधण्यात तीन तास घालवून अखेर एकच ओळ दुरुस्त केली तर ‘एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?’ असे विचारणारे गिऱ्हाईक आपणच असतो. शिवाय भारनियमनाच्या त्या वर्षांत, कर्नलची नवी आवृत्ती उतरत असताना ऐन मधे वीज जाऊन अर्धवट लिहिलेल्या फाइलींनी यंत्र ठप्प होणे ही नित्याची गोष्ट होती. मूळ शोधीत बसण्याची चैन तेव्हा कोणाला परवडणार?

अलीकडच्या पिढीची यंत्रे दिंडीच्या जागी चक्क कचेरी घेऊन आली. इंटेलने सर्व्हर-यंत्रांसाठी आखलेली आणि २००५ नंतर अनेक कंपन्यांच्या मंडळाने पुढे चालविलेली यूईएफआय ही पद्धत पहिल्या सेक्टरावर अवलंबून राहत नाही. तिच्यासाठी डिस्कवर एक स्वतंत्र हिस्सा असतो, प्रत्येक प्रणालीचा दरवान त्या हिश्शात आपापल्या खोलीत बसतो, आणि कोणाला आधी हाक मारावयाची याची याद यंत्राच्या स्वतःच्या चिपेत राहते. २०१२ मध्ये विंडोजच्या आठव्या आवृत्तीबरोबर सिक्युअर बूट आले आणि दरवानालाच परवाना दाखवावा लागू लागला. मुद्रा बहुतेक यंत्रांत मायक्रोसॉफ्टची, म्हणून लिनक्सवाल्यांनी शिम नावाचा एक लहानसा जामीनदार तिच्याकडून मुद्रांकित करून घेतला. शिमने ग्रबची हमी घ्यावी, ग्रबने कर्नलची, अशी साखळी. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुधारणेबरोबर बाद परवान्यांची नवी याद अनेक यंत्रांत उतरली आणि शेजारी नांदणारे लिनक्स धोरणभंगाच्या आरोपाखाली देवडीवरच अडले. आता २०११ च्या मूळ मुद्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते, तेव्हा सनदा बदलून घेण्याची धावपळ चालू आहे. दुसरीकडे विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे, नव्या आवृत्तीत न बसणारे जुने लॅपटॉप लिनक्सच्या आश्रयाला येत आहेत, आणि हा सारा जुना इतिहास पुन्हा एकदा टेबलावर येऊन पडत आहे.

माझा लॅपटॉप संधिकालातला, म्हणजे जुनी रीतही मानणारा आणि नवीही. त्यातील तिन्ही प्रणाली जुन्या रीतीने बसविलेल्या. त्याची मोठी बॅटरी केव्हाच निकामी होऊन काढून टाकलेली, म्हणून तो केवळ विजेच्या वायरीवर चाले. एका सकाळी त्याने ‘ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही’ असे सांगितले. मला या विद्येचा थोडा अभिमान होता. मी यंत्राच्या सेटिंगमध्ये शिरलो, तिथे काही पर्याय उलटसुलट झालेले दिसले ते जागेवर आणले, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केले, ग्रब पुन्हा पहिल्या सेक्टरात बसविला, आणि यंत्र उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मी पुन्हा सेटिंग पाहिले, पुन्हा ग्रब बसविला, यंत्र पुन्हा उठले. तिसऱ्या दिवशी मी ग्रबची आवृत्तीच बदलली, आणि चौथ्या दिवशी हार्ड डिस्क मरणपंथाला लागली आहे असा निष्कर्ष काढून पैठण दरवाजाच्या बाजूला एका गल्लीत दुकान असलेल्या ओळखीच्या कारागिराकडे गेलो.

‘भाई, फॉरमॅट मारायचं नाही,’ मी आधीच बजावले.

‘नको तर नको, सर,’ तो म्हणाला. दखनीचा आणि मराठीचा हा ‘नको’ एकच, त्यामुळे आमचे कधी अडत नाही. त्याने माझी सारी कहाणी, ग्रबच्या आवृत्तीसकट, निमूटपणे ऐकून घेतली आणि विचारले, ‘रात्री वायर काढून ठेवता का?’

‘ठेवतो.’

‘सकाळी घड्याळ काय दाखवतं?’

घड्याळाकडे मी पाहिलेच नव्हते. त्याने यंत्र सुरू करून सेटिंग उघडले. कोपऱ्यात एक जानेवारी ही तारीख आणि कधीचेच उलटून गेलेले एक साल होते. तो काही बोलला नाही. यंत्र उपडे करून त्याने खालचे झाकण काढले, आणि नखाने उचकटून रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल टेबलावर टाकला. त्या सेलच्या जिवावर यंत्राच्या सेटिंगची आठवण टिकून असते. सेल संपलेला, मोठी बॅटरी नाही, म्हणून रात्री वायर काढली की यंत्र सारे विसरून कारखान्यातल्या मूळ स्थितीत जाई, आणि त्या स्थितीत ते फक्त नवी रीत मानी. मी रोज सेटिंग जागेवर आणीत होतो आणि गुण ग्रबला देत होतो. ग्रब चारही दिवस निर्दोष होता. पाणी उगमापाशीच आटले होते, आणि मी हौदाचा गिलावा बदलीत बसलो होतो.

नवा सेल बसवून त्याने वायर जोडली, जुन्या रीतीचा पर्याय निवडला आणि बोट तारखेच्या चौकटीवर ठेवून माझ्याकडे पाहिले. ‘आज किती तारीख, सर?’ मी सांगितली. त्याने आकडे भरले, सेटिंग जतन केले, आणि काळ्या पडद्यावर तिन्ही नावांची यादी येऊन तिच्याखाली दहापासून उलटी मोजणी सुरू झाली. बाहेरून चहावाल्या पोराने आत डोकावून ‘दोन का तीन?’ असे विचारले, तेव्हा सहा उरले होते.